फुकटच्या सीडीतली काळी चार

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो बरकत आली म्हणून नव्हे, दुकानात गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून. नवऱ्याचं अकोल्यात बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. बरे दिवस होते तेव्हा बिलं करायला म्हणून त्यानं हौसेनं कॉम्प्युटर घेतला, सासूबाईंनी त्याला विणलेलं झाकण घातलं, आणि मग नापिकी, बोंडअळी, पडलेले भाव असं एकामागून एक सुरू झालं. सकाळचा पेपर उघडायची भीती वाटावी असे ते दिवस होते. कुठल्या गावात कोण गेलं ती बातमी नवरा आधी नाव पाहून वाचायचा, आपल्या गिऱ्हाइकाचं नाव नाही ना म्हणून. एकदा होतं. त्या दिवशी तो जेवला नाही. दुकानात बिल करावं असं फारसं काही राहिलं नाही तेव्हा कॉम्प्युटर ऑटोरिक्षात बसून जठारपेठेतल्या आमच्या घरी आला आणि माझं शिलाई मशीन ज्या टेबलावर होतं त्या टेबलावर चढला. माझं मशीन खाली उतरलं.

मी मोर्शीची. मला राग पटकन येतो आणि सावकाश जातो. मी त्या कॉम्प्युटरला मनातल्या मनात सांगून टाकलं की माझी जागा घेतली आहेस, तर आता मी सांगीन ते काम करावं लागेल. पण तो तर काहीच करत नव्हता. चालू केला की निळा पडदा दाखवायचा, मग बंद पडायचा, मग पुन्हा स्वतःच चालू व्हायचा. सासूबाई म्हणाल्या, "दुकानाची नजर लागली असंन त्याले."

गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक भाई होते. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, तेच दुकान, तोच बाक, फक्त आत आता रेडिओऐवजी कॉम्प्युटरांची आतडी पसरलेली. भाईंनी आमचा डबा उघडला, थोडा वेळ खुडबुड केली आणि डोक्याला हात लावला.

"भाभी, इसमें सब चोरी का माल है. दुकानवाल्यानं नकली सीडी टाकून देल्ली. अन त्याच्यावर वायरस. म्हंजे चोराच्याच घरात चोर घुसले."

"मग अस्सल टाका," मी म्हणाले.

त्यांनी अस्सलची किंमत सांगितली. मी डबा उचलायला वाकले.

"थांबा न भाभी. एक हाय. लिनक्स. ओपन सोर्स म्हंतेत त्याले. मुफ्त हाय, अन चोरीवालं मुफ्त नाई, हलालवालं मुफ्त. लोकं घरी बसून बनवतेत अन दुनियेले वाटून देतेत. पत्ता लिवून पाठवला का परदेशातून सीडी घरी येते."

त्यांनीच त्यांच्या नेटवरून आमचा पत्ता पाठवला. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नवरा हसला. बियाण्याच्या धंद्यात मुरलेला माणूस तो. कंपन्या फुकट काय देतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? टोप्या, भिंतीवरची घड्याळं, बनियन, आणि पहिल्या वर्षी नमुन्याची पुडी. "पह्यली पुडी फुकटच असते," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षी कंपनीचा मानूस येते." पुढे कित्येक महिने दारात कोणी बॅग घेऊन उभं दिसलं की तो आतून ओरडायचा, "आला का वं तुहा लिनक्सवाला?" एकदा तर पोलिओ डोसवाल्या बाईंनाच त्यानं विचारलं.

सीडी खरंच आली. पोस्टमन परदेशी तिकिटाचं पाकीट घेऊन आला तेव्हा शेजारच्या दोघी पाहायला आल्या. नेमका दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे दसऱ्याला घरातलं प्रत्येक हत्यार पुजलं जातं: कात्री, विळी, नवऱ्याचा तराजू, माझं मशीन, सासूबाईंची खंजिरी. सासूबाईंनी सीडीही पाटावर मांडली. मी आंघोळ करून येईतो तिला हळदीकुंकवाची बोटं ओढून झाली होती, वर अक्षता चिकटलेल्या. चकचकीत बाजूवर.

"आई, ही बाजू वाचायची असते!"

"मंग? जिकडून आपलं तोंड दिसते तेच समोरची बाजू," त्या म्हणाल्या. "मागच्या बाजूची पूजा करतेत का कोनी?"

मी फडक्यानं पुसून सीडी डब्यात घातली. डब्यानं गिरणीसारखा आवाज केला आणि तिला बाहेर ढकललं. भाईंकडे नेली. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "कुंकू हाय का हे? भाभी, परदेशवाल्यायनं इतका विचार नाई केला." मग भांडी घासायच्या साबणानं धुतली, मलमलच्या कापडानं टिपली, आणि चालली. तांदळाचा एक दाणा मात्र डब्यातच राहिला असावा. पुढे अनेक वर्षं सीडी घातली की आत काहीतरी खुळखुळायचं आणि सासूबाई समाधानानं मान हलवायच्या.

त्यानंतर मी जी त्या कॉम्प्युटरला चिकटले ती चिकटलेच. अकोल्यात तेव्हा भारनियमन असं की वीज असेल तेव्हा पाणी भरायचं, दळण आणायचं, इस्त्री करायची आणि उरलेल्या वेळात जगाशी ओळख करून घ्यायची. घरी नेट नव्हतं. मी भाईंना सांगायची, चित्रांचं काही आहे का, हिशेबाचं काही आहे का, आणि ते पेनड्राइव्हवर आणून द्यायचे. त्यातही गंमत होती. एक प्रोग्राम मागवला की तो म्हणायचा, माझ्यासोबत हे अमुक अमुक आल्याशिवाय मी बसत नाही. नव्या जावयासारखा एकटा कधी येतच नसे. मग पुन्हा भाईंचं दुकान, पुन्हा पेनड्राइव्ह, आणि सगळं वऱ्हाड आलं की स्वारी बसायची.

सासूबाईंचं एक खंजिरी भजन मंडळ होतं, आमच्या भागातल्या बायकांचं. सासूबाई मुख्य गाणाऱ्या. माझ्या नव्या कलांचे पहिले बळी म्हणजे हे मंडळ. सगळ्यांची नजर अधू झालेली, भजनाच्या वह्या दूर धरून वाचायच्या. मी लिहायच्या प्रोग्रामात भजनं टाइप करून इतक्या मोठ्या अक्षरात छापून आणली की एका पानावर एकच कडवं मावलं. बायका खूश झाल्या, फक्त पान उलटण्याच्या आवाजात भजन ऐकू येईना.

मग चित्रांचा प्रोग्राम. मंडळाचा एक जुना फोटो होता, त्यात एक बाई होत्या ज्या भांडून दुसऱ्या मंडळात गेल्या. "तिले काढ अन तेथी आपली पेटीवाली बसव," असा हुकूम झाला. कारण फोटो काढला त्या दिवशी पेटीवाली मावशी तापानं घरी होती. मी आठवडाभर खपून दुसऱ्या फोटोतलं मावशीचं डोकं कापलं आणि या बाईंच्या मानेवर बसवलं. पदर ओढला, रंग जुळवला. माझं मलाच कौतुक आवरेना. फोटो बायकांच्या हातोहात फिरला. मग एक जण म्हणाली, "अवं, हे तं तिचंच लुगडं हाय. जांभळ्या काठाचं. भाच्याच्या लग्नातलं." तोंड बदललं तरी लुगडं कोणी विसरलं नव्हतं. शेवटी मला लुगडंही रंगवावं लागलं.

एकदा सासूबाईंनी विचारलं, "हे सारं बनवते कोन?" मी सांगितलं, ठिकठिकाणचे लोक, एकमेकांना न पाहिलेले, संध्याकाळी कामावरून आले की थोडं थोडं करतात.

"याइले भेटते काय?"

"काही नाही."

"मंग आपल्या मंडळावानीच हाय म्हना," त्या म्हणाल्या आणि खंजिरी पुसायला लागल्या. नवऱ्याला मी जे महिनोन्महिने समजावून सांगत होते ते त्यांना एवढ्यात समजलं.

आता पेटीवाल्या मावशीबद्दल सांगायला हवं. सासूबाईंची लग्नानंतरची पहिली मैत्रीण. सासूबाई गायच्या आणि मावशी त्यांच्या मागे, जरा डावीकडे, हार्मोनियम घेऊन बसायची. सासूबाई डोळे मिटून, मान वर करून विचारायच्या, "धरली का वं?" मावशी मोठ्यानं म्हणायची, "काळी चार!" आणि सूर द्यायची. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीच्या ज्या पट्टीवर गाणाऱ्याचा सा, ती त्याची पट्टी. काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, ही बायकांची चांगली चढी पट्टी, आणि सासूबाईंना तिचा भारी अभिमान. "लगन होऊन आली तवापासून काळी चार. एक सूत खाली नाई," हे पाहुण्यांना चहाच्या आधी सांगितलं जायचं.

त्यामागे एक गोष्ट होती. सासूबाई तरुण असताना मंडळात एक वयस्कर गाणाऱ्या होत्या. त्यांचा आवाज उतरला तेव्हा सासूबाईंनीच भर मंडळात त्यांना तोंडावर सांगितलं की पट्टी उतरली, आता खंजिरी ठेवा. त्या बाई उठून गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून सासूबाई म्हणायच्या, "पट्टी उतरली का गानारनं उठून जावं. मागं बसून टाळ कुटू नाई. माही उतरंन त्या दिवशी खंजिरी खुंटीले." आणि त्या बोलल्या म्हणजे करणार, याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती.

सासरे गेल्यावर त्या घरात सावरल्या त्या या भजनामुळे. दुकान बसलं, नवरा अबोल झाला, तरी आठवड्यातून दोनदा आमची ओसरी बायकांनी भरायची आणि खंजिरी वाजायची. ते बंद झालं तर काय होईल, याचा विचारही मला नको वाटायचा. मला सासूबाई आवडायच्या. भांडायचो आम्ही रोज, पण आवडायच्या.

आणि मावशी पुण्याला गेली. लेकीला बाळ झालं होतं, सांभाळायला कोणी नव्हतं. निघताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की रिक्षावाला उतरून पाणी प्यायला गेला. तिकडे अकोटच्या पुढच्या एका गावात भजन स्पर्धा ठरली होती. किती वर्षांत असं काही झालं नव्हतं, कोणाला हौसच उरली नव्हती. गावानं मोठ्या मुश्किलीनं ठरवलं होतं. मंडळाला जायचंच होतं, पण पेटी वाजवायची कोणी?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला शाळेत शिकलेली पेटी जेमतेम येत होती. चाल वाजवता यायची, पण साथ करायची म्हणजे गाणारी जाईल तसं मागे जायचं, ते जमत नव्हतं. म्हणून मी भाईंकडून आवाजाचा प्रोग्राम आणला. त्यात आवाज भरला की पडद्यावर त्याचे डोंगर-दऱ्या दिसतात. कापता येतात, जोडता येतात, सावकाश करता येतात. मी मंडळाची पेटी समोर घेतली, काळी चार धरली, जमेल तशी चाल वाजवली, चुकलेलं कापून टाकलं आणि एक झक्क पेटी तयार केली. स्वतःवरच खूश होते.

पहिल्या तालमीला लक्षात आलं की कॉम्प्युटर थांबत नाही. सासूबाई एका ओळीवर रमल्या की रमल्या. मावशी त्यांच्यासोबत रमायची. कॉम्प्युटर मात्र पुढे निघून जायचा. "याले घाई कायची हाय? गाडी पकडाची हाय का याले?" सासूबाई कडाडल्या. मग मी पेटीचे ओळी-ओळींचे तुकडे केले. त्या ओळ उचलतील तेव्हा मी बटण दाबायचं, त्या रमल्या की तोच तुकडा फिरवत ठेवायचा. हे छान जमलं. पण अंतऱ्याला सासूबाईंचा आवाज फुटला. पुन्हा घेतला, पुन्हा फुटला. बायकांनी टाळ खाली ठेवले.

"तुह्या मशीननं पट्टी चढवली," त्या म्हणाल्या.

"नाही हो आई, काळी चारच आहे."

"मले शिकवून राहिली का? काळी चार म्या जन्मभर गायली. हे काळी चार नोय."

मला राग आला. पुरावा दाखवायचा म्हणून गेल्या कोजागिरीला एका बाईच्या मोबाईलवर भरलेलं मंडळाचं भजन मी कॉम्प्युटरवर घेतलं आणि ते लावून सूर पेटीवर पडताळायला बसले. पडताळला. पुन्हा पडताळला. मोबाईलवर मावशीचा ठणठणीत आवाज, "काळी चार!" आणि मागोमाग जो सूर आला तो पांढरी चारचा. तीन पायऱ्या खाली. मी मागच्या दारी जाऊन मावशीला फोन लावला.

पलीकडे आधी बाळ रडलं, मग मावशी हळू आवाजात बोलली.

"भाऊजी गेले त्या वर्षी तिचा आवाज बसला वं. गळ्यातून निघेच नाई. म्या पांढरी पाच धरली अन तोंडानं म्हनलं काळी चार. गायली बिचारी. म्हनलं गळा सुधरला का परत नेऊ वर. सुधरलाच नाई. मंग काळी तीन केली. आता पांढरी चार. डोये मिटून गाते, तिले काय दिसते?"

"आणि बाकीच्या बायका?"

"त्याइले काय ऐकू येत नाई का? साऱ्याइले मालूम हाय. पन तिले सांगशील तं पोरी, पुन्याहून येऊन तंगडं तोडीन तुहं."

मी फोन ठेवला आणि तिथंच धुण्याच्या दगडावर बसून हसले. मग रडूही आलं. सासरे जाऊन किती वर्षं झाली होती, आणि ही बाई प्रत्येक बैठकीला मोठ्यानं खोटं बोलत होती, आणि अख्खं मंडळ ते ऐकत होतं.

आवाजाच्या प्रोग्रामात पट्टी उतरवायची सोय होती. वेग तसाच ठेवून सूर तेवढा खाली. मी सगळे तुकडे तीन पायऱ्या उतरवले आणि मोठ्या मराठी अक्षरात नाव दिलं: काळी चार. पुढच्या तालमीला सासूबाईंनी डोळे मिटले, विचारलं, "धरली का?" मी सगळी ताकद लावून म्हटलं, "काळी चार!" बटण दाबलं. अंतरा सरळ वर चढला.

"आता कशी बरोबर लागली," सासूबाई म्हणाल्या. "मशीन बिघडलं होतं." टाळवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहून डोळा मारला. सत्तरीतल्या बाईनं डोळा मारलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

स्पर्धेला कॉम्प्युटर नेणं भागच होतं, कारण बटण दाबणारी पेटी म्हणजे मी आणि तो. आम्ही अकोट गाडी पकडली. पुढच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला पडदा एका बाईच्या मांडीवर, डबा दुसरीच्या, स्पीकर तिसरीच्या. कंडक्टर थबकला.

"याचं लगेज लागंन."

"लगेज कायचं? आमची पेटीवाली हाय थे," सासूबाई म्हणाल्या.

"पेटीवाली हाय तं तिचं तिकीट काढा."

"अर्ध काढ मंग. वय काय तिचं, बाराबी नाई झालं." गाडी हसली आणि कंडक्टरनं हात वर केले.

गावात मंदिरासमोर मांडव होता. परीक्षकांपैकी एक गुरुजी म्हणाले की नियमात पेटी, तबला, खंजिरी, टाळ आहे, कॉम्प्युटर नाही. सासूबाईंनी विचारलं, "चालनार नाई असं लिवलं हाय का?" लिहिलेलं नव्हतं. भरदुपारी आमचा नंबर लागला. मांडवातली माणसं भजन ऐकायला कमी आणि कॉम्प्युटर पाहायला जास्त पुढे सरकली. एका आजोबांनी मला विचारलं, यात कापसाचा भाव दिसतो का? मी नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह ओसरला.

पहिलं भजन सुरेख झालं. दुसऱ्याचा मुखडा झाला, सासूबाईंनी अंतऱ्यासाठी श्वास घेतला, आणि वीज गेली. माईक गेला, पडदा काळा झाला. सासूबाई थांबल्या. कोणीतरी पळत जाऊन जनरेटर सुरू केला, माईक आला, मी डबा चालू केला. पण आमच्या लिनक्सची एक खोड होती. असा मध्येच बंद पडला की उठल्यावर तो आधी स्वतःची प्रकृती तपासायचा, टक्का टक्का करत, आणि त्याला घाई केलेली चालत नसे. मांडवात कुजबुज सुरू झाली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात त्या गावच्या पुरुष मंडळाचा पेटीवाला पुढे आला. उंचापुरा, मिशीवाला, भला माणूस. आपली पेटी सासूबाईंच्या बाजूला ठेवून बसला आणि म्हणाला, "घ्या बाई, मी देतो साथ. कोनती पट्टी?"

सासूबाईंनी मान वर केली. "काळी चार."

त्या माणसानं खरीखुरी काळी चार धरली. सूर मांडवभर गेला. मला वाटलं, झालं. आता इथं, सगळ्या तालुक्यासमोर, आवाज फुटणार, आणि संध्याकाळी खंजिरी खुंटीला.

सासूबाईंनी तोंड उघडलं नाही. सूर ऐकला आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "दादा, तुमची पेटी चढली. खाली या."

"बाई, हे काळी चारच हाय. बोट पाहा माहं."

"बोट काय पाहू? मी सुराचं म्हनून राहिली. खाली या."

तो पांढरी पाचवर आला.

"अजून."

काळी तीन.

"अजून."

त्यानं पांढरी चार दाबली.

"हां. हे काळी चार."

पेटीवाल्यानं बोटाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि जनरेटरवर परत आलेल्या माईकमधून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पन बाई, हे तं पांढरी चार हाय."

सासूबाईंनी डोळे उघडले. गाताना त्यांनी डोळे उघडलेले मी कधी पाहिले नव्हते. त्या मागे वळल्या आणि मंडळाकडे पाहून विचारलं, "काहून वं? कोनती हाय हे?" त्यांचा तो आवाज मला ओळखू आला नाही. लहान मुलीचा असावा तसा होता.

टाळवाल्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "काळी चार."

"काळी चारच तं हाय," दुसरी म्हणाली. मग तिसरी, मग सगळ्याच. मीही म्हटलं, कॉम्प्युटरच्या मागून उभी राहून, घसा फाटेस्तोवर.

पेटीवाल्यानं ती लुगड्यांची रांग पाहिली. प्रत्येक चेहरा पाहिला. मग मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "असंन बाप्पा. माही पेटीच जुनी झाली."

सासूबाई वळल्या, डोळे मिटले आणि अंतरा उचलला. त्या दिवशीइतकं चांगलं त्या माझ्या देखत कधी गायल्या नाहीत. भजन संपून टाळ्या पडत असताना आमच्या कॉम्प्युटरची तपासणी संपली आणि त्यानं आपलं स्वागताचं संगीत वाजवलं. लोकांना वाटलं, हाही भजनाचाच भाग. गुरुजींनी मान डोलावली. आम्हाला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा मिळाला.

परतीच्या गाडीत अंधारून आलं होतं. बायका पेंगत होत्या. सासूबाईंनी माझ्याकडून मोबाईल मागून घेतला आणि मावशीला फोन लावायला सांगितला. कानाला लावून बराच वेळ त्या नुसत्या बाळाचं रडणं ऐकत होत्या. मावशीनं स्पर्धेचं विचारलं असावं.

"झालं वं चांगलं," त्या म्हणाल्या. "एक पेटीवाला भेटला होता. हात चांगला हाय त्याचा." मग खिडकीतून बाहेर पाहत, "पन तुह्यावानी काळी चार कोनालेच नाई वाजवता येत."